ट्यूब ॲम्पचा हम कसा घालवला – माझा अनुभव

घरी बनवलेला ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह असलेला) गिटार ॲम्प, प्रीॲम्पला म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला दोन 12एएक्स7 ट्यूब आणि आउटपुटला ईएल84 ट्यूबची जोडी. टोन झकास, पण गिटार न वाजवता नुसता चालू ठेवला तरी घूंऽऽ चालूच, हाच तो हम. अशा वेळी बहुतेक जण सांगतात ट्यूब बदल, फिल्टर कॅप (पुरवठ्याचा डीसी गुळगुळीत करणारा कपॅसिटर) बदल, शील्डेड वायर टाक. मी म्हटलं आधी आवाज नीट ऐकू, मग पैसे घालू.

ऐकायची युक्ती सोपी आहे. मेन्स, म्हणजे घरची वीज, 50 हर्ट्झचा असेल तर हम एकतर 50 चा असतो नाहीतर 100 चा. गिटारची जाड ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की 98 हर्ट्झ येतो, म्हणजे हम त्या सुराशी जुळला तर तो 100 चा, एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरचा, फिल्टर किंवा ग्राउंडकडे (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) बघायचं. त्याच्या खालच्या सप्तकातला असेल तर 50 चा, म्हणजे हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार), ट्रान्सफॉर्मर नाहीतर बाहेरून शिरलेला. माझा त्या सुराशी जुळला.

मग व्हॉल्यूम शून्यावर, हम बराच कमी पण पूर्ण गेला नाही. पहिली ट्यूब काढली, शांत. म्हणजे जे काही शिरतंय ते पहिल्याच स्टेजला, आणि तिथून पुढे वाढत जातंय. आता फिल्टर कॅप कमी पडत असता तर पहिली ट्यूब काढून एवढा फरक पडला नसता असा माझा हिशोब.

चेसिस (ॲम्पचा पत्र्याचा डबा) उघडायच्या आधी एक सांगतो, आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी कॅपमध्ये चार्ज राहतो, रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचा, मीटरने बघायचं आणि मगच हात घालायचा. आणि हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापा असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका, जीव जाईल.

आत घोळ ग्राउंडचा निघाला. ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपची (वाइंडिंगच्या मधल्या बिंदूची) वायर चेसिसला एका टोकाला, पहिल्या फिल्टर कॅपचं निगेटिव्ह दुसऱ्या टोकाला आणि पहिल्या ट्यूबचं ग्राउंड मधेच कुठेतरी. त्या कॅपला चार्जिंगचा करंट झटक्याझटक्याने जातो, तो त्याच पत्र्यातून फिरायचा आणि तिथे पडणारा बारीकसा व्होल्टेज पहिली ट्यूब सिग्नल समजून वाढवायची. सेंटर टॅपची वायर काढून थेट कॅपच्या निगेटिव्हवर सोल्डर केली, प्रीॲम्पचं ग्राउंड एका जाड तारेवर घेऊन चेसिसला फक्त इनपुट जॅकपाशी जोडलं. एवढ्यानेच हम धाडकन खाली आला.

आणि तो खाली आल्यावर त्याच्याखाली लपलेला दुसरा ऐकू यायला लागला! हा 50 चा. हीटरच्या 6.3 व्होल्टच्या वाइंडिंगला सेंटर टॅप नव्हता म्हणून दोन्ही वायरींवरून 100 ओहमचा एकेक रेझिस्टर घेऊन मधला बिंदू बनवला. तो ग्राउंडला न देता बी प्लसवरून (ट्यूबचा मुख्य डीसी पुरवठा) 220के आणि 33के (किलोओहम) रेझिस्टरचा डिव्हायडर करून साधारण 40 व्होल्टवर नेला, 33के ला समांतर 10 मायक्रोफॅरडचा कॅप. हीटर कॅथोडपेक्षा (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) पॉझिटिव्ह राहिला की हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती बरीच आटते. हीटरच्या वायरी घट्ट पिळून सॉकेटपर्यंत कोपऱ्यातून नेल्या, तेही महत्त्वाचं. लाकडी काडीने वायरी हलवून ऐकत गेलो तर ग्रिडची (सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो त्या टोकाची) वायर हीटरच्या वायरींपासून थोडी सरकवली तरी फरक कळत होता.

आता राहिली हिस, म्हणजे सस्स असा आवाज. पहिल्या ट्यूबच्या प्लेटचा (वाढवलेला सिग्नल निघतो ते टोक) 100के रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचा होता, तो डीसी व्होल्टेजखाली जास्त खुसखुसतो, मेटल फिल्म टाकला. टोन बदलला का? मला तरी कळला नाही, विंटेजवाले भांडतील.

व्हॉल्यूम पूर्ण केला की अजून थोडी हिस येते. इनपुटच्या 68के रेझिस्टरचा स्वतःचा थर्मल (उष्णतेमुळे येणारा) नॉइज आहे त्यात, तो कमी करता येतो पण गिटार वाजायला लागल्यावर ती हिस ऐकूच येत नाही, त्यामुळे मागचं कव्हर लावून टाकलं.