जाळीतला ओळंबा आणि माझी सात नंबरची आयर्न

मे महिन्यापासून वहीत टिपत आलोय, ते आज एकदा सलग लिहून काढतो. उजव्या हातानं गोल्फ खेळणारे, कोच रोज हाताशी नसलेले आणि चेंडू कायम उजवीकडे वळत जाणारे आपल्यात बरेच जण आहेत. त्यांना यातलं काहीतरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा सराव कोल्हापूरजवळ, पाचगावच्या पुढं, पाहुण्यांच्या पडीक रानात चालतो. मुरमाड माळ आहे, पीक घेत नाहीत. टोकाला एकटी बाभळ उभी आहे. टेप धरून मोजलं, मी उभा राहतो तिथून बाभळीपर्यंत १२८ मीटर, म्हणजे १४० यार्ड. सात नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याचा, मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) माझ्याकडून नीट लागली तर तेवढीच जाते. चटई टाकायची, बादलीभर जुने चेंडू घ्यायचे, सकाळी सहा ते साडेसात मारायचे आणि मग उद्यमनगरात वर्कशॉप उघडायचं. दीड-दोन महिन्यांतून एकदा पुण्याला जाऊन कोर्सवर खेळायचं.

मेच्या पहिल्या रविवारी ५० चेंडू मोजून मारले. ३३ बाभळीच्या उजवीकडे, त्यातले बहुतेक हवेत वळत वळत गेलेले. ११ सरळ डावीकडे खेचले गेले. बाभळीच्या आसपास पडले फक्त ६. पुढचे तीन आठवडे मी मनगटांवर घालवले. हात लवकर फिरव, ग्रिप घट्ट कर, सैल कर, डोकं खाली ठेव. वहीतली ती पानं आता बघितली की वाईट वाटतं, कारण त्या तीन आठवड्यांत एकदाही मी पायांकडं बघितलेलं नाही.

मग एका सकाळी चेंडूपुढं उभा असतानाच एक क्लब बुटांच्या टोकांना लावून खाली ठेवला आणि बाजूला होऊन मागून बघितलं. क्लब विजेच्या पोलाकडं बोट दाखवत होता. पोल बाभळीच्या उजवीकडे २५ मीटरवर आहे. हिशेब केला तर ११ अंश. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा उभा राहिलो, पुन्हा क्लब ठेवला. पुन्हा पोल. चार वेळा तेच.

कारण सापडायला अजून दोन दिवस लागले. मी चटई टाकतो त्याच्या पुढूनच रानाचा बांध जातो, आणि तो थोडा तिरका होत पोलाच्या दिशेनं जातो. नजर बाभळीवर, पण पाय नकळत बांधाला समांतर होत होते. डोळ्याला जमिनीवर एखादी ठळक रेघ दिसली की अंग तिच्याशी जुळवून घेतं. पुण्याच्या कोर्सवर आता हेच बघतो. काही टी, म्हणजे पहिला फटका मारायचे चौथरे, अशा बांधलेत की त्यांच्या कडा फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) बाहेरच तोंड करतात, आणि गवत कापल्याचे पट्टेही नजर ओढून नेतात.

माझा धंदा लेथचा. जॉबचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक सेंटरमधून सरकलेला असेल तर शाफ्टला टेपर येतो, म्हणजे तो एका टोकाला बारीक होतो. जॉब मोजणारा नवा मुलगा टूलला दोष देतो, टूल बदलतो, कट कमी करतो, टेपर काही जात नाही. जुना कारागीर आधी सेंटरमध्ये टेस्ट बार (अचूक सरळ दांडा) धरून डायल, म्हणजे बारीक फरक मोजणारा गेज, लावतो. रोज हे काम करणाऱ्या माणसानं तीन आठवडे टूलच बदललं, ही गोष्ट मला मनाला लागली. त्याच दिवशी ठरवलं की डायल लावल्याशिवाय स्विंगला, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पद्धतीला, हात लावायचा नाही.

चुकीच्या दिशेनं उभं राहिल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथं आहे. अंग उजवीकडं, लक्ष्य डावीकडं. शरीराला ते कळतं. मग खाली येताना खांदा आणि हात वरूनच बाहेर ढकलले जातात आणि क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूपलीकडून अंगाकडं येतो, चेंडूला डावीकडं ओढायला. फेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग, त्या वाटेच्या मानानं उघडा (उजवीकडं तोंड करून) राहिला तर स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडं वळणारा फटका, वाटेशी सरळ राहिला तर डावीकडं खेचलेला फटका. म्हणजे माझे ३३ आणि ११ हे दोन वेगळे आजार नव्हते.

दुरुस्ती साधी. इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरिंगचा पीव्हीसी पाइप आणला, चार-चार फुटांचे दोन तुकडे केले. एक चेंडूच्या थोडा पुढं, चेंडू आणि बाभळ यांच्या रेषेवर. दुसरा पायांच्या टोकांशी, पहिल्याला समांतर. उसाच्या दोन सऱ्या जशा शेजारून जातात, एकमेकींना मिळत नाहीत, तसे. इथं एक चूक हमखास होते. पायांची रेषा लक्ष्यावर नेमायची नसते, ती लक्ष्याच्या किंचित डावीकडून समांतर जाते. पाय लक्ष्यावर नेमले की क्लबचा फेस उजवीकडं गेलाच. आधी फेस चेंडूमागं ठेवून लक्ष्यावर धरायचा, मग पाय लावायचे. मी वर्षभर उलटं करत होतो.

आता जे झालं ते कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. पाइप लावून नीट उभा राहिलो आणि ५० पैकी ३६ चेंडू डावीकडं गेले! उभं राहणं सुधारलं होतं, पण हात जुन्या सवयीनं बाहेरून आतच येत होते. उजवीकडची चूक निघून गेली आणि तिला सांभाळून घेणारी चूक तेवढी उघडी पडली. आठवडाभर असंच चाललं. मेव्हणा एकदा बरोबर आला होता, तो म्हणाला, “दाजी, आधीच बरं हुतं की. निदान दोन-चार तरी झाडाजवळ पडत हुते.” त्याचं चुकलं नव्हतं, आकडे तेच सांगत होते. पण पाय परत पोलाकडं वळवले असते तर मी आजही तिथंच असतो. ज्यांनी ज्यांनी नीट उभं राहून बघितलं आणि आठ दिवसांत सोडून दिलं, त्यांनी याच टप्प्यावर सोडलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

जूनच्या मध्याला पाऊस लागला. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे माळ सप्टेंबरपर्यंत बंद. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये जाळी टांगली, मागं ताडपत्री. जाळीची अडचण सगळ्यांना माहीत आहे, चेंडू पुढं कुठं वळला असता ते दिसत नाही. जोरात आवाज आला की फटका छान लागला असं वाटतं, आणि माळावर गेल्यावर खरं काय ते कळतं.

यावर जो उपाय सापडला तो या सहा महिन्यांतला मला सर्वात आवडलेला भाग. गवंड्याचा पितळी ओळंबा घेतला आणि शेडच्या अँगलवरून जाळीच्या लगेच मागं सोडला, वजन चेंडू लागतो त्या उंचीच्या बरंच खाली. चेंडूपासून दोरी बरोबर अडीच मीटर. अडीच मीटरवर एक अंश म्हणजे ४.४ सेंटिमीटर भरतात, आणि चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे किमान ४२.६७ मिलिमीटर असतो. म्हणजे चेंडू दोरीपासून एक चेंडूभर उजवीकडं जाळीला लागला, तर तो जवळजवळ एक अंश उजवीकडं निघाला. घरबसल्या डायल गेज मिळाला.

आणि चेंडू कुठं निघाला हे कळलं की फेस कुठं होता हे बऱ्यापैकी कळतं. पूर्वी असं शिकवायचे की चेंडू क्लबच्या वाटेनं निघतो आणि फेसच्या दिशेनं वळतो. रडारची मोजणी आल्यावर ते उलट निघालं. चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेनं निघतो, आयर्नला साधारण तीन चतुर्थांश वाटा फेसचा, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायच्या क्लबला) त्याहून जास्त. वळतो तो फेस आणि वाट यांच्यातल्या फरकानं. जाळीत वळण दिसत नाही, पण फेस दिसतो. एक अंश छोटा वाटतो, पण १४० यार्डांवर तो अडीच यार्ड होतो. चार अंश म्हणजे जवळजवळ दहा यार्ड, तेवढ्यात चेंडू ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक गवत) सोडून बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात.

जुलैभर रोज ४० चेंडू, अर्धा स्विंग, साठ टक्के जोर. खडूनं जाळीवर खुणा केल्या. पहिल्या आठवड्यात खुणा दोरीच्या दोन्ही बाजूंना दोन वितींत पसरल्या होत्या. फेस एका जागी येतच नव्हता. ग्रिप तपासली, डाव्या मुठीवरची, बोटांच्या मुळाशी असते ती एकच गाठ वरून दिसत होती. दोन, अडीच दिसेपर्यंत हात उजवीकडं फिरवला. पहिले चार दिवस क्लब परक्याचा वाटला. महिनाअखेर खुणा एका वितीत आल्या.

क्लबच्या वाटेसाठी पुठ्ठ्याचा रिकामा खोका. चेंडूच्या वीतभर मागं आणि रेषेच्या थोडा पलीकडं ठेवायचा, क्लब बाहेरून आला की खोका उडतो. पहिल्या दिवशी १० पैकी ८ वेळा उडाला. मी हात अडवून धरायचा प्रयत्न करत होतो, त्यानं काही होत नव्हतं. फरक पडला तो वर गेल्यावर क्षणभर थांबून, आधी डाव्या पायावर वजन टाकून मग हात खाली सोडले तेव्हा.

ऑगस्टअखेर पुण्याला गेलो तेव्हा एका कॅडी (खेळाडूची बॅग उचलणाऱ्या) मामांनी सराव फटके बघून विचारलं, “साहेब, पाय तर बरोबर हायेत, खांदं कुठं चाललेत?” एक क्लब माझ्या छातीवर आडवा धरून दाखवला. पाय समांतर आणि खांदे चांगलेच डावीकडं उघडे. मामांनीच कारणही दाखवलं, चेंडू मी डाव्या टाचेच्या फार जवळ ठेवत होतो. चेंडू पुढं गेला की तिथवर पोचायला उजवा खांदा पुढं येतो आणि खांद्यांची रेषा उघडते. सात नंबरला चेंडू आता मध्यापासून एक चेंडूभरच पुढं ठेवतो. पाइप पायांशी असतो म्हणून पायच बघायची सवय लागते. कमरेची आणि खांद्यांची रेषा वेगळी बघावी लागते, ती दुसऱ्या कुणाकडून तरी बघून घ्या.

मोबाइलवर बघणार असाल तर कॅमेरा हातांच्या उंचीवर, हातांच्याच रेषेत मागं, आणि लक्ष्याच्या रेषेला समांतर. माझा स्टँड दोन फूट उजवीकडं होता तेव्हा महिनाभर मला माझी वाट आतून बाहेर जाताना दिसत होती आणि मी खूश होतो.

कोर्सवर पाइप चालत नाही, हे लक्षात ठेवा. २०१९च्या नियमांप्रमाणे उभं राहायला मदत म्हणून क्लब किंवा कुठलीही वस्तू खाली ठेवली, तर मारण्याआधी उचलली तरी दोन फटक्यांचा दंड बसतो. तुम्ही उभे राहायला लागल्यावर कॅडीनं मुद्दाम मागं रेषेत थांबायचं नाही, हेही तेव्हाच आलं. म्हणून अमेरिकेचे नामवंत गोल्फर जॅक निक्लॉस करायचे तेच मी करतो. चेंडूच्या मागं जाऊन लक्ष्याच्या रेषेवर दोन-तीन फुटांवर एखादी खूण शोधायची, वाळकं पान किंवा जुना डिव्हॉट (फटक्यानं उखडलेल्या गवताची खूण), आणि फेस त्या खुणेवर धरायचा. १४० यार्डांवरच्या झेंड्यापेक्षा तीन फुटांवरच्या पानावर फेस धरणं फार सोपं. पानावरून नजर न काढता चालत यायचं, एवढंच जमवावं लागतं. माळावर मी हे रोज पहिल्या १० चेंडूंना पाइपशिवाय करतो, मग पाइप ठेवून तपासतो. नोव्हेंबरमध्ये १० पैकी ७ वेळा दोन अंशांच्या आत होतो.

माळ ऑक्टोबरमध्ये वाळला. चटईवर डिव्हॉट दिसत नाही, म्हणून चटई सोडून मुरमावर कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी फक्कीची आडवी रेघ मारली. तिच्यावर चेंडू न ठेवता नुसता क्लब फिरवायचा, फक्की कुठून उडते ते बघायचं. रेघेपासून पुढं उडायला हवी. माझी चार बोटं आधीच उडत होती, आता रेघेवर आली आहे. हे काम अजून चालू आहे. मुरमावर मारताना जुनाच क्लब वापरा, चांगल्याची धार जाते.

गेल्या रविवारी मेच्यासारखेच ५० मोजले. बाभळीच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरच्या आत २९. त्यापलीकडं उजवीकडं १२, डावीकडं ९. चेंडू अजूनही थोडा उजवीकडं वळतो, पण डावीकडून निघून बाभळीकडं येतो. ते वळण काढायच्या मागं आता लागणार नाही, रोज तेवढंच येतंय तर त्याच्यावर खेळता येतं.

ड्रायव्हर अजून बॅगेतच आहे. त्याचे पहिले ५० डिसेंबरमध्ये मोजणार. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला ठेवायचा म्हणजे खांदे उघडायचा धोका पुन्हा आलाच, म्हणून मेव्हण्याला आत्ताच सांगून ठेवलंय की सकाळी सहाला येऊन छातीवर क्लब धरायचा.