आमची वाटचाल: न वितळणारं भंगार आणि पितळेचे चार कण

आमचा कच्चा माल म्हणजे दुसऱ्याचा रिजेक्ट. विजेची बटणं आणि सॉकेट बनवणाऱ्या कारखान्यांत तडा गेलेले, अर्धवट भरलेले तुकडे निघतात. ते युरिया फॉर्मल्डिहाइडचे असतात, आणि हे प्लास्टिक साच्यात एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही. त्यामुळे भंगारवालाही नाक मुरडतो. आम्ही ते दळतो, चाळतो आणि रंग काढण्यासाठी, साचे साफ करण्यासाठी विकतो; हा दाणा दाबाच्या हवेनं नोझलमधून पृष्ठभागावर मारतात. जे वितळत नाही, तेच आम्हाला हवं असतं. सहज वितळणारं प्लास्टिक माराच्या उष्णतेनं मऊ पडून पत्र्यावर फासलं जाईल. हे मात्र फुटतं, आणि फुटलं की नवी धारदार कड तयार होते.

हा धंदा सुरू करण्याआधी मी बारा वर्षं रंग काढायच्या खात्यात होतो. मिथिलीन क्लोराइडचा जाड लेप द्यायचा, रंग फुगून सुटला की खरवडायचा, मग धुवायचं. हातमोज्यात थेंब गेला तर कातडीची आग आग व्हायची. श्वासावाटे आत गेलेल्या त्या द्रवाचा काही भाग शरीरात कार्बन मोनॉक्साइड बनतो, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं.

वाळू मारायचा प्रश्नच नव्हता. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्‌सच्या कठीणपणाच्या मापावर ७, ॲल्युमिनियम ३ च्या आसपास; रंगाबरोबर पत्राही गेला असता. शिवाय सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती कायमचीच. प्लास्टिकचा दाणा ३ ते ४ च्या दरम्यान येतो. म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षा तो मऊ आहे असं नाही (हे ग्राहकाला सांगितलं की तो दचकतो). पण तो वजनाला हलका असतो आणि साधारण २० ते ४० पीएसआय एवढ्या कमी दाबावर मारला जातो. रंग ठिसूळ असल्यानं तडकून निघतो, धातू तेवढा मार सोसून जातो. अमेरिकी हवाई दलाच्या यूटामधल्या हिल तळावर १९८० च्या दशकात एफ-४ विमानांचा रंग याच पद्धतीनं काढायला सुरुवात झाली. त्याबद्दल वाचलं, आणि भागीदाराला म्हणालो, आपण हा दाणा बनवू.

एक जुनं ग्राइंडर आणि दोन हलत्या चाळण्या, एवढ्यावर सुरुवात केली. पहिले काही महिने बरे गेले. रबराच्या साच्यांवर बसलेला जळका थर साफ करणारे दोन-तीन ग्राहक नियमित झाले. साच्याचं कोरीवकाम न झिजता तो थर जातो, म्हणून ते खूश होते.

मग पातळ ॲल्युमिनियमचे पॅनेल रंगवणाऱ्या एकानं वीस पोती नेली आणि चौथ्या दिवशी फोन केला. पत्र्यावर बारीक खड्डे पडले होते. आम्ही आधी त्याच्याच नोझलला दोष दिला, दाब जास्त ठेवला असेल म्हटलं. तो काही न बोलता एक पॅनेल घेऊन आला आणि टेबलावर ठेवून गेला. भिंगाखाली एका खड्ड्यात पिवळा ठिपका चमकत होता.

सॉकेटमध्ये पितळी इन्सर्ट, म्हणजे प्लास्टिकमध्ये रुतवलेले धातूचे तुकडे असतात. आमच्याकडे चुंबक होतं, त्याचा आम्हाला अभिमानही होता. पण चुंबक लोखंड ओढतं. पितळ त्याच्या समोरून ऐटीत निघून जातं. आम्ही सगळी पोती परत घेतली, पैसे परत केले. ते वर्ष तोट्यातच गेलं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. इन्सर्ट असलेला रिजेक्ट घेणं बंद केलं. स्वस्त मिळाला तरी नाही. आणि टेबलावर झिंक क्लोराइडच्या दाट द्रावणाची बरणी आली. आमच्या दाण्याची घनता १.५ च्या आसपास, म्हणून तो पाण्यात बुडतो, पण या द्रावणात तरंगतो. वाळूची घनता २.६५, पितळेची ८ च्या वर. ती थेट तळाशी जातात. प्रत्येक घाण्यातला नमुना त्यात टाकतो. तळाशी काही दिसलं तर तो घाणा बाहेर जात नाही. त्या पॅनेलमधून सुईनं काढलेले पितळेचे चार कण अजून एका बाटलीत जपून ठेवले आहेत, नव्या मुलांना दाखवायला.

मागणी वाढली तसं आम्ही मेलामाइनचा जरा कडक दाणाही करू लागलो. सगळ्यांत जास्त खपतो तो २० ते ३० मेश, म्हणजे साधारण ०.६ ते ०.८५ मिलिमीटरचा. मध्यंतरी धुळीनंही धडा दिला. ही भुकटी हवेत उडाली की पेट घेऊ शकते आणि दाणा पाइपातून धावताना स्थिर वीज साठते. एका ग्राहकाच्या माणसाला असा झटका बसला की त्यानं नोझल टाकूनच दिलं. आता माल देताना नळीचं आणि कामाच्या वस्तूचं अर्थिंग आम्ही स्वतः विचारतो.

गंजाचं काम घेऊन येणारेही बरेच. त्यांना सरळ सांगतो, हे तुमच्या कामाचं नाही. प्लास्टिकनं जाड गंज निघत नाही, आणि नव्या रंगाला धरायला लागणारा खरखरीतपणा पोलादावर उमटत नाही. पहिल्या वर्षी अशा एकाला माल विकला होता. तो पुन्हा आला नाही.

सध्या डोक्याला ताप आहे तो वापरलेल्या मालाचा. दाणा सायक्लोनमधून (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) आणि चाळणीतून काढून पुन्हापुन्हा वापरता येतो, पण शेवटी त्याची भुकटी होते आणि तिच्यात रंग मिसळलेला असतो. ग्राहक म्हणतात, तुमचाच माल आहे, तुम्हीच परत न्या. साच्यांवरचा असेल तर नमुना बघून विचार करतो. जुन्या क्रोमेट प्रायमरवरचा, म्हणजे विषारी क्रोमियम असलेल्या अस्तराच्या रंगावरचा असेल तर हात जोडतो. ती भुकटी घातक कचऱ्यात जाते आणि ती विल्हेवाट आमच्या आवाक्यातली नाही. यावरून दोन चांगली गिऱ्हाइकं तुटली. भागीदाराचं म्हणणं, गोडीत सांगितलं असतं तर एक टिकलं असतं.