पंचवीस मिनिटं

पाळी जाऊन दीड वर्ष झालं. रात्री दोन-तीनदा घामाने भिजून उठायचं, पंखा वाढवायचा, पुन्हा झोप नाही. "या वयात होतंच" हे इतक्यांदा ऐकलं की मीही तेच म्हणायला लागले होते.

आज डॉक्टरबाईंनी पंचवीस मिनिटं दिली. आधी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" मी म्हटलं, झोपेचा. आणि त्यासाठी हार्मोन्स घ्यायचे तर भीती स्तनाच्या कॅन्सरची, मावशीला झाला होता. त्यांनी भीती उडवून लावली नाही. 2002 च्या अमेरिकन अभ्यासाचे आकडे कागदावर मांडले: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन, अशी दोन्ही घेणाऱ्या 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण 8 केसेस जास्त. त्या बायकांचं सरासरी वय 63, माझं 51. साठीच्या आत सुरू केलं तर हिशोब बराच वेगळा असतो म्हणे. गर्भपिशवी आहे म्हणून नुसतं इस्ट्रोजेन चालणार नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. गोळीपेक्षा त्वचेवरच्या जेलने रक्ताच्या गुठळीचा धोका कमी. हार्मोन्स नको असतील तर दुसरी औषधंही सांगितली.

मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

इतक्या वर्षांत दवाखान्यात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. डोळे भरून आले.

आधी मॅमोग्राफी, मग जेल, तीन महिन्यांनी पुन्हा भेट. मॅमोग्राफी गुरुवारी आहे.