टाकी शाबूत, गळती लाइनला

विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय असा फोन आला की मी आधी दोनच गोष्टी सांगतो: मोटर चालू करू नका, आत कोणी उतरू नका. या विहिरीवर दोन्हींची तयारी झालेली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती खाली पाण्यालगत साचते. काठावर गॅस मीटर शून्य दाखवत होता. नळी सोडून पाण्याच्या हातभर वरची हवा ओढली, तर काटा एलईएलच्या 60 टक्क्यांवर. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की ठिणगी पुरते, तीच ही एलईएल, म्हणजे स्फोटाची किमान मर्यादा. आम्ही एलईएलच्या 10 टक्क्यांच्या वर कामच थांबवतो.

पारदर्शक बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली नमुन्याची नळी, सोडला. पाण्यावर बोटभर पेट्रोल.

शेजारच्या पेट्रोल पंपाचे मालक डिपचं, म्हणजे टाकीतल्या पातळीच्या मापाचं, रजिस्टर घेऊनच आले. "रात्रीचा आणि पहाटेचा डिप मिलिमीटरला जुळतो साहेब, टाकी गळत असती तर कळलं नसतं?" म्हणणं बरोबर होतं, टाकी शाबूतच होती. तूट पडत होती ती विक्रीच्या वेळात, गर्दीच्या दिवशी जास्त. हे नोझल जास्त देत असलं तरी होतं, म्हणून आधी पाच लिटरच्या मापाने प्रत्येक नोझल तपासलं. मापं चोख निघाली. मग संशय उरला तो टाकीतला सबमर्सिबल पंप ते डिस्पेन्सर या लाइनवर. ती दाबाखाली असते फक्त पंप चालू असताना, गळतीही तेवढ्याच वेळात. जुन्या सक्शन लाइनला भोक पडलं तर ती हवा ओढते आणि नोझल अडखळतं. दाबाची लाइन असली काही खूण देत नाही.

दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करून लाइन दाबाखाली कोंडली. टाकीकडचं टोक नुसत्या चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर, सोडायचं नाही. तोच गळका असला तरी दाबमापकाचा काटा पडतो. इथे काटा पडत राहिला. खणल्यावर डिस्पेन्सरखालच्या एल्बोचे (पाइपच्या वळणाच्या जोडाचे) आटे ओले, भोवतालचा मुरूम काळपट.

शेतकरीदादांचा हट्ट होता विहीर उपसायचा. पण पाच एचपीच्या मोटरने पाणी झपकन खाली नेलं की पेट्रोलही त्यासोबत खडकाच्या खालच्या भेगांत उतरतं, आणि पाणी परत चढलं तरी तिथेच अडकून बसतं. शिवाय पंपाकडचं आणखी ओढलं जातं. म्हणून हवेवर चालणारा स्किमर सोडला. तो वरचा थरच उचलतो. कॉम्प्रेसर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब. सोबत येणारं पाणी आधी सेपरेटरमध्ये, मग गाळ-लोहाच्या फिल्टरमधून कार्बनच्या एकामागोमाग दोन ड्रममध्ये. नमुना दोन्हींच्या मधून घ्यायचा. तिथे बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, दिसलं की पहिला ड्रम काढायचा, दुसरा पुढे आणायचा.

पंप आणि विहिरीच्या मध्ये निरीक्षणाच्या बोअर घेतल्या. बोअरवाला सवयीने मुरुमात साधा केसिंग पाइप ठोकतो. पाण्याची पातळी त्या बिनभोकाच्या भागात आली तर वर तरंगणारं पेट्रोल आत येतच नाही आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. जाळीचा पाइप पातळीच्या खाली-वर, उन्हाळा-पावसाळा दोन्ही धरून बसवायचा.

ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची आणखी एक खोड: इथेनॉल पाण्यात विरघळतं, जिवाणू आधी ते खातात, ऑक्सिजन संपवतात आणि बेंझीन तसंच पुढे सरकतं. डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्यासाठी बेंझीनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. एवढ्याचा वास नाकाला येत नाही, म्हणून उताराकडच्या, वास नसलेल्या विहिरींचेही नमुने प्रयोगशाळेत गेले.

सप्टेंबरात पाणी वर आलं, थर दिसेनासा झाला, आणि काम संपलं म्हणून सह्या करायची घाई सुरू झाली. मी सही केली नाही. भेगांतलं पेट्रोल तेव्हा पाण्याखाली दबलेलं असतं. एप्रिलात पातळी उतरल्यावर बेलरमध्ये ते पुन्हा दिसलं, आता नखभर. स्किमर परत सोडला.