जुना लॅपटॉप विकायचा तर हौशी माणसालाच विकावा

जुना लॅपटॉप विकायला काढला की कसले मेसेज येतात ते ज्याने विकलाय त्यालाच माहिती. "आहे का अजून?" मग "फायनल किती?" मग "गेम चालतील ना?" आणि तुम्ही नीट चार ओळींचं उत्तर टाइप करून पाठवलं की समोरचा गायब. मी लेनोवोचा थिंकपॅड टी४८० लॅपटॉप विकायला काढला तेव्हा असे कितीतरी येऊन गेले, आणि मग एकाचा पहिलाच मेसेज आला, "ताई, दोन्ही बॅटऱ्यांचे सायकल काउंट वेगवेगळे देऊ शकाल का?" सायकल काउंट म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा. वाचलं आणि म्हटलं, झालं, गेला हा लॅपटॉप.

ज्यांना टी४८० माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मॉडेल २०१८चं, चौदा इंची, आणि त्यात बॅटऱ्या दोन असतात. एक आत, २४ वॅट-अवरची, आणि दुसरी मागच्या बाजूला, खटके सरकवले की हातात येते, ती २४, ४८ किंवा ७२ची मिळते. लॅपटॉप चालू असताना मागची काढा, दुसरी लावा, तेवढा वेळ आतली सांभाळून घेते. पुढच्या टी४९०मध्ये ही सोय काढून टाकली, म्हणून टी४८०वर जीव असलेले लोक अजूनही भेटतात. आता यातली मेख अशी की वापरताना आधी मागची बॅटरी रिकामी होते आणि मग आतलीचा नंबर लागतो, म्हणजे मागची लवकर झिजते आणि आतली बऱ्यापैकी धडधाकट राहते. त्यामुळे नुसतं "बॅटरी बॅकअप मस्त" लिहिलं तर जाणकार माणसाला त्यातून काहीच कळत नाही, आणि या मुलाने नेमकं तेच विचारलं होतं.

मी आकडे काढूनच ठेवलेले. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढता येतो, एक एचटीएमएल फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवीन असताना किती होती आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती भरते, दोन्ही दिसतं. माझी मागची ७२ची आता ५८ भरत होती, म्हणजे ८० टक्के, आणि आतली २४ची साडेएकवीस, म्हणजे नव्वदच्या आसपास. एवढी टिकली कारण चार्जिंगची मर्यादा लावलेली असायची, ८० टक्क्याला चार्ज थांबायचा आणि ७५च्या खाली गेला तरच परत सुरू व्हायचा. बहुतेक वेळ टेबलावर चार्जरला लावूनच काम, मग शंभर टक्के भरून ठेवायचं कशाला? लिथियम बॅटरीला गच्च भरून गरम जागी पडून राहणं अजिबात मानवत नाही. मी त्याला अख्खी रिपोर्टची फाइलच पाठवली. त्यावर त्याचं उत्तर काय, "थ्रेशोल्ड लावलेला दिसतोय," म्हणजे तीच चार्जिंगची मर्यादा. बास. एवढ्यावरच आमची ओळख झाली.

मला यातून जे म्हणायचंय ते एवढंच, की घेणाऱ्याला आपल्याइतकं किंवा आपल्यापेक्षा जास्त कळत असेल तर विकणं सोपं होतं, अवघड नाही. लोकांना उलटं वाटतं, जाणकार आला की चुका काढणार आणि भाव पाडणार. पण भाव खरा पाडतो तो ज्याला काही कळत नाही तो, कारण त्याला चांगला लॅपटॉप आणि पिळून काढलेला लॅपटॉप यातला फरक ओळखता येत नाही, मग तो बिचारा घाबरून दोघांनाही सारखाच, म्हणजे पिळलेल्याचा भाव सांगतो. त्याचीही चूक नाही म्हणा. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं, घेणाऱ्याला माल पारखता येत नसेल तर चांगला माल असलेले हळूहळू बाजारातून बाहेरच पडतात, आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. जपून वापरलेली वस्तू न विकता कपाटात टाकून देणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत की!

तर जाहिरात कशी लिहायची याचंही माझं एक मत आहे. "लाइक न्यू" हे लिहूच नये. सात-आठ वर्षं जुनं मॉडेल लाइक न्यू कसं असेल? असलंच तर एकतर त्याची बॉडी बदललीय किंवा फोटो खोटे आहेत, जाणकाराच्या मनात पहिला संशय तोच येतो. मी फोटो उजेडात आणि तिरके काढले, कारण समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ओरखडे दिसतच नाहीत. झाकणाच्या कोपऱ्यावरचा घासलेला भाग, स्पेस बारवर अंगठ्याच्या जागी आलेली चमक, खालच्या रबराच्या पायांपैकी एक जरा सुटत आलेला, सगळ्यांचे वेगवेगळे जवळून फोटो. माझी एक मैत्रीण म्हणाली, अगं तू विकतेयस की तक्रार नोंदवतेयस?

आणि त्यात तो डाग. थिंकपॅडच्या कीबोर्डच्या मधोमध, जी, एच आणि बी या कीजच्या बेचक्यात, तो लाल ट्रॅकपॉइंट असतो, बोटाने ढकलून माउससारखा वापरायचा छोटा खुंटा. बॅगेत वरून दाब पडला की त्याचं टोक स्क्रीनला आतून टेकतं आणि कालांतराने तिथे पांढुरका ठिपका उमटतो. माझ्या स्क्रीनवर तो होता, जवळजवळ मधोमध, मुगाच्या दाण्याएवढा, रोजच्या कामात दिसायचाही नाही, पण पूर्ण स्क्रीनवर राखाडी रंग लावला आणि मान थोडी खाली घेऊन बघितलं की दिसायचा. फोटोत तो काही केल्या येईना. ब्राइटनेस कमीजास्त करून बघितला, खोलीतला दिवा घालवून बघितलं, शेवटी फोटोवर बाणच काढला आणि खाली लिहिलं की इथे ठिपका आहे, कॅमेऱ्यात येत नाहीये पण आहे. त्या मुलाने मला नंतर सांगितलं की त्याने मेसेज करायचं ठरवलं ते त्या बाणामुळे. बाकी एकदोन जणांनी तोच बाण बघून "स्क्रीन खराब आहे तर अर्ध्या किमतीत द्या" म्हटलं, ते वेगळं!

त्याचे पुढचे प्रश्नही ऐकण्यासारखे होते. थंडरबोल्टचं, म्हणजे त्या वेगवान यूएसबी-सी पोर्टचं, फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का. केलं होतं. स्क्रीनचं पॅनल मूळचं की बदललेलं. मूळचंच, फुल एचडी आयपीएस. हीट सिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा भाग, एका पाइपचा की दोन? टी४८०च्या ज्या व्हेरियंटमध्ये एनव्हिडियाची एमएक्स१५० ही वेगळी ग्राफिक्स चिप असते त्यात दोन पाइपचा येतो आणि हौशी लोक तो साध्या व्हेरियंटमध्ये बसवतात, प्रोसेसर थोडा थंड राहतो म्हणून. माझा एकाचाच. "चालेल, मी बदलेन," हे तो इतक्या खुशीत म्हणाला की मला कळलं, याला तयार वस्तू नकोच आहे, याला उद्योग हवाय.

मग एसएसडीचं. त्याला स्मार्ट डेटाचा, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या वापराची आणि तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा, स्क्रीनशॉट हवा होता, पाठवला. पॉवर ऑन अवर्सचा, म्हणजे ड्राइव्ह किती तास चालू होती तो, आकडा बघून साधा माणूस म्हणेल वा, किती कमी वापर. हा म्हणाला, "एनव्हीएमईमध्ये या आकड्यावर जाऊ नये, ड्राइव्ह लो पॉवरमध्ये झोपलेली असते तो वेळ धरला जाईलच असं नाही, एकूण किती डेटा लिहिलाय ते बघू." खरंय ते. (एनव्हीएमई म्हणजे एसएसडीचा नवा, वेगवान प्रकार, साटा हा जुना.)

आपला डेटा पुसण्याच्या बाबतीत मात्र लोक फार निष्काळजी असतात, इथे जरा थांबते. फाइली डिलीट करून रिसायकल बिन रिकामी करणं म्हणजे काहीच नाही. क्विक फॉरमॅट म्हणजे जवळपास काहीच नाही. आणि जुन्या हार्ड डिस्कवर चालायचा तो उपाय, म्हणजे वरून शून्यं लिहून काढायची, तो एसएसडीला तसा भरवशाचा नाही, कारण एसएसडी झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून डेटा सतत इकडचा तिकडे हलवत असते, शिवाय थोडी जागा तिने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते जी आपल्याला दिसतसुद्धा नाही, तिथे तुमच्या जुन्या फाइलींचे तुकडे राहू शकतात. ड्राइव्हच्या कंट्रोलरलाच सांगावं लागतं की सगळं पूस. साटा असेल तर सिक्युअर इरेज, एनव्हीएमई असेल तर फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ कमांड. पहिल्या दिवसापासून ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी, असेल तर आणखी बरं, किल्ली गेली की उरतो तो नुसता कचरा. माझी विंडोजमधल्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली होतीच, तरी वरून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून एनव्हीएमई फॉरमॅट मारलं. काही सेकंदात होतं. आपला सगळा पसारा इतक्या झटकन जातो हे बघून थोडं कसंतरीच होतं, असो.

बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये, दोन गोष्टी बघून घेतल्या. एक म्हणजे त्या सेटिंग्जना कुलूप लावणारा सुपरवायझर पासवर्ड काढला, कारण तो राहिला आणि नंतर विसरला गेला तर कंपनी मदरबोर्ड बदलायला सांगते, म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात मोठंच लोढणं. दुसरं, चोरीला गेलेला लॅपटॉप शोधायची जी अॅब्सोल्युट कंपनीची सोय बायोसमध्ये असते ती कुठल्या स्थितीत आहे ते बघितलं. ऑफिसातून निघालेल्या मशीनमध्ये ती कधीकधी चालूच राहिलेली असते. विंडोजच्या लायसन्सचं टेन्शन नव्हतं, त्याची प्रॉडक्ट की फर्मवेअरमध्येच असते, नव्याने टाकलं की आपोआप अॅक्टिव्हेट होतं. त्यावर मुलगा म्हणाला, "विंडोज टाकूच नका ताई, मी डेबियन टाकणार." डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. बरं बाबा.

भावाबद्दल आता. रॅम मी ३२ जीबी केली होती, मागची ७२ची बॅटरी नंतर घेतली होती, कीबोर्ड बॅकलिटवाला बसवला होता (टी४८०मध्ये हे फारच सोपं आहे, खालून दोन स्क्रू आणि कीबोर्ड सरकवायचा). यातला एकही पैसा आपण घातला तसा परत मिळत नाही, ही गोष्ट विकायला बसण्याआधीच पचवून घ्यावी. सुटं काढून विकलं असतं तर थोडं जास्त आलं असतं हेही खरं. पण मला तो तोडून विकायचा नव्हता. त्या मुलाने काय केलं, प्रत्येक पार्ट आज सेकंडहँड कितीला मिळतो ते लिहून, बॅटरीची झीज आणि तो ठिपका वजा करून मला हिशोब पाठवला. माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा थोडासाच कमी निघाला. मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली, चार्जर ओरिजिनल आहे आणि जुना कीबोर्डसुद्धा देतेय ते धर. त्याने धरलं, आणि दोन मेसेजमध्ये विषय संपला. "फायनल किती" विचारणाऱ्यांशी मी जास्त वेळ बोलले असेन.

भेटलो तेव्हा तो स्वतःचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लॅपटॉप चालू करता येतो तो) घेऊन आला होता. दोन्ही यूएसबी-सी पोर्टना आळीपाळीने चार्जर लावून, वायर हलकेच हलवून चार्जिंग तुटतंय का बघितलं, कारण ते पोर्ट मदरबोर्डलाच सोल्डर केलेले असतात, ढिले झाले की काम वाढतं. स्क्रीनवर एकेक रंग लावून पिक्सेल बघितले, राखाडी लावला, मान खाली घातली, "हा काय तुमचा बाण" म्हणाला आणि हसला. मग विचारलं, खालचं कव्हर उघडून बघू का?

इथे मी जरा बारकाईने बघत होते. खूप जण आधी स्क्रूड्रायव्हरच काढतात. याने आधी बायोसमध्ये जाऊन बिल्ट-इन बॅटरी डिसेबल केली, लॅपटॉप बंद झाला, मागची बॅटरी काढली, आणि मगच स्क्रू सैल केले. स्क्रू कव्हरमधून सुटून बाहेर येत नाहीत त्यामुळे हरवायची भीती नसते, पण कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा घाई केली तर हमखास मोडतात. त्याने नखाने एका बाजूने हळूहळू सोडवत आणलं, एकही आवाज नाही. आत फॅन स्वच्छ होता, प्रोसेसर आणि हीट सिंकच्या मधली थर्मल पेस्ट कधी बदलली विचारलं, सांगितलं. माझ्याकडून तेव्हाच व्यवहार पक्का झाला होता, खरं तर कोणी जास्त पैसे देऊन मागितला असता तरी मी त्यालाच दिला असता.

ट्रॅकपॉइंटच्या दोन-तीन नव्या टोप्या पडून होत्या, त्याही दिल्या, त्या काय कामाच्या मला आता. त्याला खोलगट कडेवाली आवडते, मला घुमटासारखी, त्यावरच आमचं बराच वेळ चाललं होतं. निघताना तो "तुम्ही"वरून "तू"वर आला होता आणि मला ते खटकलंही नाही.

नंतर त्याचा मेसेज आला. दोन पाइपचा हीट सिंक बसवला, फुल लोडवर तापमान उतरलं, सोबत आलेख. आणि विचारत होता की कंपनीच्या बायोसऐवजी कोअरबूट हे ओपन सोर्स फर्मवेअर टाकू का, टी४८०वर चालतं आता. मी म्हटलं टाक, पण मूळ बायोसचा बॅकअप आधी घे, दोनदा वाचून दोन्ही फाइली सारख्या आहेत का ते ताडून बघ. तो म्हणाला, "तीनदा वाचलाय, ताई."