जुनी हिमालयन ४११ घेतली आणि नावावर करून घेतली : माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी रॉयल एनफिल्डची सेकंडहँड हिमालयन ही बाइक घेतली, २०१८ ची, बीएस फोर म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या नियमांची, फ्युएल इंजेक्शनवाली. गाडी पसंत करायला एक सकाळ लागली आणि ती नावावर व्हायला पावणेतीन महिने. त्या पावणेतीन महिन्यांत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हीच का ते सांगतो. नवी हिमालयन ४५० चालवून बघितली होती मी, ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, लिक्विड कूल्ड, पळते जबरदस्त, पण माझं काम वेगळं आहे. आठवडाभर पुण्यात सिंहगड रोडवरून ऑफिस आणि रविवारी पानशेत, वेल्हे, फार तर मढे घाट, म्हणजे बरंचसं डांबर आणि उरलेला मुरुम, दगड, चिखल. ४११ चं इंजिन लाँग स्ट्रोक, ताकद २४ हॉर्सपॉवरच्या आसपासच पण ३२ एनएमचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे दगडातून हळूहळू चढताना सारखा क्लच दाबत बसावं लागत नाही. पुढचं चाक २१ इंची, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी आणि सीट ८०० मिमी, माझी उंची साडेपाच फूट, मला पाय टेकतात. आणि तो गोल हेडलाइट, ते गोल मीटर, टाकीच्या बाजूच्या उघड्या नळ्या, जुन्या काळच्या गाडीसारखं सगळं समोर दिसतं, मला ते मनापासून आवडतं. २०१६ ला आलेलं हे मॉडेल २०२३ च्या शेवटी ४५० आल्यावर थांबलं, म्हणजे घ्यायची तर जुनीच.

सहकारनगरातल्या एका काकांची गाडी कळली. व्हीआरएस घेतल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली, हिमाचलातली स्पिती करून आलेली, आता गुडघ्यामुळे चालवणं होत नाही म्हणून विकायची होती. माझा धायरीचा मेकॅनिक सोबत होता. फोनवरच त्यांना सांगून ठेवलं होतं, "काका, आम्ही यायच्या आधी स्टार्ट करू नका", कारण थंड गाडी कशी चालू होते ते बघायचं असतं. गेल्या गेल्या इंजिनला हात लावला, गार होतं, आणि पहिल्या बटणाला चालू झाली. मग मेन स्टँडवर घेतली, मेकॅनिकने मागून वजन दिलं, पुढचं चाक हवेत, आणि मला म्हणाला एका बोटाने हँडल फिरव, अगदी सावकाश. डावीकडून उजवीकडे नेताना बरोबर मध्यावर एक बारीक खटका लागला, जणू हँडलला तिथेच थांबायचंय. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, गेलेला. सतत खड्ड्यांतून आणि दगडांतून चालणाऱ्या गाडीचा जातोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पैसे कमी करताना उपयोगी पडतं. मग त्याने पान्याने एकेक स्पोक वाजवला, मागच्या चाकाचे दोन बद्द वाजले, ते सैल होते. इंजिनाखालच्या बॅश प्लेटला, म्हणजे संरक्षक पत्र्याला, पोचे होते पण फ्रेम सरळ, पुढच्या फोर्कमधून तेल गळत नव्हतं. एक लाख पाच हजारांवर ठरलं.

आणि इथे मी चूक करणार होतो. खिशात वीस हजार होते, देऊन टाकणार तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला की आधी नंबर टाकून बघ. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव अजून होतं. काका म्हणाले, "अरे, कर्ज तर २०२१ लाच फिटलंय, हे बघ पत्र." पत्र खरं होतं, बँकेची हरकत नसल्याची एनओसी होती, कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ पण होता, सगळं फाइलमध्ये नीट लावलेलं. पण कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, आपोआप उतरत नाही, तो आरटीओत जाऊन उतरवून घ्यावा लागतो, आणि त्या एनओसीवरच लिहिलं होतं की तीन महिन्यांत वापरा. चार वर्षं झालेली. मी पाच हजार टोकन दिलं आणि दोघांच्या सहीने लिहून घेतलं की बोजा उतरल्यावर बाकीचे. काकांना वाईट वाटलं थोडं, पण काकूच म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं, मी तुम्हाला तेव्हाच सांगत होते."

बँकेने नवीन एनओसी द्यायला जवळजवळ महिना घेतला, शाखेत गेलं की ते मुख्य ऑफिसला मेल करा म्हणायचे आणि मेलला उत्तर यायचं की शाखेत भेटा. काका स्वतः चार वेळा गेले, गुडघा धरून, मला फार अपराधी वाटायचं. शेवटी लेखी तक्रार दिली आणि तिची पोच घेतली, तेव्हा आठवड्यात पत्र निघालं. पोच घ्याच.

तोवर दुसरी गोष्ट कळली की १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला महाराष्ट्रात आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, लागते आणि ती नसेल तर बोजा उतरवणं, नाव बदलणं वगैरे कामं अडवतात. दुचाकीची पाटी जीएसटीसकट ५३१ रुपये, पैशाचं काही नाही, तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. त्यात काकांचा वाहन पोर्टलवरचा मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला, ओटीपी जाणार कुठे, मग आधी तो नंबर बदलून घेतला. म्हणजे खरा क्रम असा निघाला, मोबाइल नंबर, मग पाटी, त्याच वेळी एनओसी, मग बोजा आणि ट्रान्सफर. मी उलट्या टोकाने सुरुवात केली म्हणून एवढे दिवस गेले. दोन जुनी चलानंही निघाली, एक हेल्मेटचं, ती काकांनी लगेच भरली.

ट्रान्सफरला दोन फॉर्म, फॉर्म २९ विकणाऱ्याचा, दोन प्रती, आणि फॉर्म ३० घेणाऱ्याचा. त्यावर चेसिस नंबरचा प्रिंट लागतो. हे काम आम्ही काकांच्या पार्किंगमध्ये केलं. हँडलखाली फ्रेमच्या डोक्यावर नंबर कोरलेला असतो, केबलींच्या मागे, त्यावर स्पितीची माती घट्ट बसलेली. रॉकेल लावून जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं केलं, अक्षरांवर मऊ पेन्सिल आडवी घासली, वरून सेलोटेप दाबून लावली आणि हळूच उचलली. पहिल्या तीन पट्ट्या बिघडल्या, चौथीवर सगळे आकडे उठले, काका चष्मा लावून आरसीशी एकेक अक्षर जुळवत होते. ती पट्टी फॉर्मवर चिकटवली.

संगम ब्रिजजवळच्या आरटीओत मी एजंट न घेता गेलो. अर्ज आणि फी ऑनलाइन, मग कागद खिडकीवर. पहिल्या दिवशी इन्शुरन्सच्या झेरॉक्सवर काकांची सही नव्हती म्हणून परत आलो, दुसऱ्या दिवशी जमा झाले. एजंट घेऊ नका असं मी म्हणणार नाही, ज्याला सुट्टी मिळत नाही त्याने घ्यावा, पण बोजा आणि पाटी तुमची तुम्हीच बघा. पोर्टलवर बँकेचं नाव गेलेलं दिसलं त्या संध्याकाळी बाकीचे एक लाख दिले आणि गाडी घेतली, डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहिली, सायंकाळी ६.४०, कारण त्या मिनिटापासूनचं चलान किंवा अपघात माझ्याकडे, असं आमच्यात ठरलं होतं.

इन्शुरन्स विसरू नका. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग, कायद्याने नव्या मालकाकडे येतो पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. काकांचा ५० टक्के होता, तो त्यांच्याकडेच राहिला, त्यांनी त्यांच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरला लावून घेतला आणि फरक मी भरला.

आरसी स्पीड पोस्टाने आली ती दाखवायला सहकारनगरला गेलो. कोन सेट नवा, स्पोक ताणलेले. काकांनी हँडल एका बोटाने फिरवून बघितलं, काही बोलले नाहीत, आत गेले आणि कपाटातून दोन ट्यूब घेऊन आले, एक २१ ची, एक १७ ची, टाल्कम पावडर लावून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेल्या. या गाडीला ट्यूबवाली चाकं आहेत, वेल्ह्याच्या पुढे पंक्चर झालं तर ट्यूब हाताशी हवीच. "स्पितीला नेल्या होत्या, लागल्याच नाहीत," म्हणाले. आता त्या माझ्या मागच्या बॅगेत असतात.