कँटरबरीची वाट आणि फिंडनचा दरवाजा

चिल्हमहून सकाळी निघालं की रमतगमत गेलं तरी दुपारच्या चहाला कँटरबरी गाठता येते. आम्ही इंग्लंडच्या केंट परगण्यातली चार-पाच मराठी मंडळी. आळंदी-पंढरपूर पायी केलेल्या काकूंना ही गर्दी नसलेली वारी काही पटेना. सफरचंदाच्या बागा, बिगबरीचं रान, मग हार्बलडाउनचा चढ. इथल्या धर्मशाळेतले म्हातारे वाटसरूंपुढे संत थॉमस बेकेटचा जोडा चुंबनासाठी धरत. डच विद्वान इरॅस्मसने ते लिहून ठेवलंय, आणि त्याच्या सोबत्याला तो प्रकार अजिबात रुचला नव्हता. खाली सेंट डन्स्टनचं चर्च. कँटरबरीचा आर्चबिशप असलेल्या या बेकेटचा राजाच्या सरदारांनी खून केला तो ११७० साली. ११७४ मध्ये राजा दुसरा हेन्री प्रायश्चित्त म्हणून इथून अनवाणी गेला.

सगळे कथीड्रलकडे वळतात. मला मात्र वेशीबाहेरचा सेंट ऑगस्टिन मठाचा दरवाजा पाहायचा होता. मठ ५९८ च्या सुमाराचा, दरवाजा महंत थॉमस फिंडन यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला: दोन अष्टकोनी बुरूज, मध्ये कमान. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने मठ मोडला. मठाच्या चर्चचे दगड गेले. दरवाजा राहिला, कारण राजाला इथे मुक्कामाचा वाडा हवा होता. १६२५ मध्ये पहिला चार्ल्स नव्या राणीला घेऊन इथेच उतरला. पुढे तर आवारात बिअरचा कारखाना आणि करमणुकीची बाग! एकोणिसाव्या शतकातल्या भाविकांना याची फार लाज वाटली. मला विचाराल तर त्या बिअरवाल्याचेही थोडे आभार मानायला हवेत. जागा ओस पडली असती, तर ही कमानही चर्चच्याच वाटेने गेली असती.

१८४४ मध्ये बेरेसफर्ड होप यांनी जागा विकत घेतली, वास्तुविशारद बटरफील्ड यांनी जुनं जपत नवं बांधलं, आणि १८४८ मध्ये धर्मप्रचारक घडवणारं कॉलेज उघडलं. १९४२ च्या जर्मन बाँबहल्ल्यात दरवाजाची मोठी पडझड झाली, तो पुन्हा उभारावा लागला. म्हणजे आज दिसतो तो दरवाजा कितव्या पिढीचा, हे दगड निरखूनही मला सांगता येईना.

आता तो किंग्ज स्कूल या इथल्या शाळेकडे आहे. मठाचे अवशेष पाहायचे तर वळसा घालून लाँगपोर्ट रस्त्याच्या बाजूने जायचं.

"महाद्वार समोर, आणि आपण मागून जायचं?" काकू म्हणाल्या.

तिकिटं काढायला पहिल्या त्याच निघाल्या.